शाळा बंद, बर्फ चालू: पहिल्यांदाच असा दिवस घरी काढणाऱ्या कुटुंबांसाठी

बर्फ पडणाऱ्या ठिकाणी नव्याने राहायला गेलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात एक निरोप हमखास येतो: हवामानामुळे आज शाळा बंद. निरोप येतो पहाटे. आईबाबा अर्धवट झोपेत असतात आणि एरवी दहा हाका मारूनही न उठणारी मुलं त्या दिवशी मात्र आपणहून उठून खिडकीला नाक लावून उभी असतात. आता संध्याकाळपर्यंत करायचं काय, हे शाळेच्या पत्रकात नसतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या दिवसाचं वेळापत्रक घड्याळावर बसवायला जाऊ नका, ते ओल्या कपड्यांवर बसतं. मुलं बाहेर किती वेळा जाणार, मधल्या वेळात घरात काय चालणार, तुम्हाला कामाला सलग तासभर मिळणार की नाही, हे सगळं शेवटी हातमोजे वाळले का, या प्रश्नाशी येऊन थांबतं. पुढच्या बऱ्याच सूचना त्याच्याच भोवती आहेत.

आदल्या रात्री

बर्फाचा अंदाज सहसा दोन-तीन दिवस आधी दिसायला लागतो. अमेरिकेतल्या इशाऱ्यांत ‘वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता आहे, लक्ष ठेवा; ‘वॉर्निंग’ म्हणजे ते येतंय किंवा आलंच आहे. काही देशांत पिवळा, केशरी, लाल असे रंग असतात. तुमच्याकडे जी पद्धत असेल ती एकदा नीट वाचून ठेवा, कारण पहाटे पाच वाजता ती समजून घ्यायची ताकद कोणात नसते.

किती पडणार यापेक्षा काय पडणार, ते आधी बघा. कोरडा भुसभुशीत बर्फ वीतभर पडला तरी फावड्याने सरकवता येतो. गोठता पाऊस मात्र वाईट. तो पाणी म्हणून पडतो आणि जमिनीला टेकला की गोठतो. रस्ता नुसता ओला दिसतो, आणि पाय ठेवला की माणूस आडवा. हेच पाणी तारांवर आणि फांद्यांवर थरावर थर चढवत जातं, वजनाने फांद्या मोडतात आणि वीज जाते. अंदाजात गोठता पाऊस असेल तर वीज जाणार असं धरूनच रात्रीची तयारी करा: फोन आणि लॅपटॉप चार्ज, टॉर्च हाताशी, नेहमीची औषधं दोन-चार दिवसांची शिल्लक, पिण्याचं पाणी भरलेलं.

फावडं घरात आणून ठेवा. बाहेर ठेवलेलं फावडं सकाळी बर्फाखालून शोधायला दुसरं फावडं लागतं. मुलांचे बूट याच रात्री पायात घालून बघा. गेल्या वर्षीचे असतील तर होणार नाहीत, आणि वादळाच्या आदल्या दिवशी दुकानात मुलांच्या मापाचं काही उरलेलं नसतं. प्रत्येक मुलाला हातमोज्यांच्या किमान दोन जोड्या हव्यात. तिसरी असेल तर ती चैन म्हणू नका.

आणि दप्तरातला डबा रात्रीच बाहेर काढा. शाळा एकदम तीन दिवस बंद राहिली, तर त्यानंतर तो उघडायची हिंमत होत नाही.

निरोप नीट वाचा

निरोप तीन प्रकारचा असतो आणि झोपेत तिन्ही सारखेच वाटतात. दिवसभर बंद, उशिरा सुरू (बहुतेक दोन तासांनी), किंवा लवकर सुटणार. चौथा प्रकार अलीकडचा आहे: इमारत बंद, पण वर्ग ऑनलाइन. तसं असेल तर मुलाचं लॉगिन चालतंय का, हे वर्ग भरायच्या आधी बघा.

यातला सगळ्यात अडचणीचा प्रकार म्हणजे लवकर सुटणं. तुम्ही कामावर, मुलं शाळेत, आणि अकराच्या सुमाराला कळतं की साडेबाराला बस निघणार. अशा वेळी मुलाला कोण घेणार, घराची किल्ली कोणाकडे आहे, शाळेकडे आणखी कोणाचा नंबर दिलेला आहे, हे हिवाळा सुरू होण्याआधीच ठरवून शाळेला कळवलेलं असावं. शेजारच्या एका घराशी तरी तेवढी ओळख करून घ्याच.

अंगणात चार बोटं बर्फ आणि तरी शाळा बंद, असं दिसलं की नव्या लोकांना हसू येतं. पण निर्णय तुमच्या अंगणावर होत नसतो. बऱ्याच ठिकाणी पहाटे कोणीतरी प्रत्यक्ष गाडी घेऊन शाळेच्या हद्दीतले वाईटात वाईट रस्ते बघून येतं. चढ, पूल, बसचे थांबे, पदपथ, शिक्षकांचे येण्याचे रस्ते हे सगळं त्यात येतं. कधी बर्फाचा कण पडलेला नसतो आणि नुसत्या थंडीमुळे शाळा बंद असते, कारण मुलं बसची वाट बघत उघड्यावर उभी राहतात.

या सावधपणाला इतिहास आहे. १२ जानेवारी १८८८ ला अमेरिकेच्या मधल्या मैदानी प्रदेशात सकाळची हवा हिवाळ्याच्या मानाने इतकी सौम्य होती की बरीच मुलं जाड कपडे न घालताच शाळेत गेली. दिवसा अचानक वादळ आलं, तापमान धाडकन उतरलं, समोरचं दिसेनासं झालं आणि घरी निघालेली मुलं वाटेतच अडकली. दोनशेहून अधिक माणसं दगावली, त्यात मुलांची संख्या मोठी होती. तेव्हा शाळेने ‘उगाच’ सुट्टी दिली असं वाटलं तर वाटू द्या, पण मुलांसमोर म्हणू नका. उद्या त्यांना थांब्यावर कानटोपी घालायला तुम्हालाच सांगायचं आहे.

पहिला तास: वाटणी

घरात दोन मोठी माणसं असतील आणि दोघांनाही काम असेल, तर चहा संपायच्या आत वाटणी करा. ‘बघू, जमेल तसं करू’ म्हटलं की दोघंही दिवसभर अर्धं काम आणि अर्धी मुलं सांभाळतात आणि संध्याकाळी एकमेकांवर चिडतात. कोणाची कुठली मीटिंग हलणारच नाही, एवढंच विचारा. त्याभोवती दिवसाचे दोन तुकडे पाडा: सकाळी एकाकडे मुलं, दुपारनंतर दुसऱ्याकडे. ज्याची पाळी नाही त्याने दार लावून बसायचं आणि मुलांनीही त्याच्याकडे जायचं नाही. दार अर्धवट उघडं ठेवलंत तर वाटणी झालीच नाही असं समजा.

एकट्याने मुलं सांभाळत असाल तर कामाच्या ठिकाणी सकाळीच कळवून टाका की आज तुम्ही तुकड्यातुकड्यांत काम करणार आहात. बर्फाच्या गावात हे सगळ्यांना माहीत असतं, लाजण्यासारखं काही नाही.

मुलांच्या आधी मोठ्यांनी बाहेर

एका मोठ्या माणसाने आधी बाहेर चक्कर मारावी. फावडं हातात घ्या, पण पहिलं काम रस्त्याचं नाही. घर तापवणाऱ्या यंत्राचा धूर जिथून बाहेर पडतो ते नळकांडं शोधा. नव्या घरांत ते अनेकदा छतावर नसून भिंतीत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतं आणि वाऱ्याने साचलेल्या बर्फाखाली गाडलं जातं. ते बुजलं तर यंत्र बंद पडतं, किंवा कार्बन मोनॉक्साईड घरात साचू शकतो. या वायूला ना वास, ना रंग. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं सर्दीतापासारखीच वाटतात. त्याचा अलार्म घरात, झोपायच्या खोल्यांजवळ, असायलाच हवा. तो वाजला तर कारण शोधत बसू नका; सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि तिथून मदतीला फोन करा.

गाडीचंही तेच. मागचं धुराचं नळकांडं बर्फात रुतलेलं असताना मुलांना आत ‘गरम व्हायला’ बसवून इंजिन सुरू ठेवू नका.

मग वाट साफ करा. फावड्याने उचलून फेकण्यापेक्षा ढकलत न्या. ओला बर्फ भलताच जड असतो आणि थंडीत रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, त्यामुळे हृदयावर अचानक ताण येतो. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी या कामाच्या जवळपासही जाऊ नये, आणि बाकीच्यांनीही अंथरुणातून उठून थेट भिडू नये. सगळा बर्फ पडून जाईपर्यंत थांबलात तर एकदाच, पण दुप्पट कष्टाने काढावा लागतो. मधे एक हात मारलेला बरा. वाट छान साफ होते आणि तेवढ्यात नगरपालिकेची बर्फ ढकलणारी गाडी येऊन फाटकासमोर कंबरभर बांध घालून जाते. ड्रायव्हरला दोष देऊ नका, बर्फ कुठेतरी जाणारच.

मीठ टाकायचं असेल तर तापमान बघून टाका. साधं मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. त्याहून जास्त थंडी असेल तर कॅल्शियम क्लोराईड लागतं, नाहीतर सरळ वाळू पसरा. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय धरतो.

मुलांना छोटं फावडं द्या आणि खरं काम द्या. शेजारी कोणी म्हातारी माणसं राहत असतील तर त्यांची पायरी साफ करायला पाठवा, एका मोठ्याच्या सोबतीने. माझ्या मते दिवसभरातला सगळ्यात चांगला खेळ हाच आहे, आणि तो विकत आणावा लागत नाही.

बाहेर सोडायचं की नाही

अंदाजात दोन आकडे असतात: हवेचं तापमान आणि वाऱ्यासकट जाणवणारं तापमान, म्हणजे विंड चिल. मुलांसाठी दुसरा आकडा बघा. हवा उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते जवळजवळ उणे २० सारखं वाटतं. ही कल्पना अंटार्क्टिकातून आली. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल यांनी तिथे १९४० च्या सुमाराला प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं, हे मोजलं होतं. आज अमेरिका-कॅनडात वापरतात ते सूत्र २००१ साली सुधारलेलं आहे.

विंड चिल उणे २७-२८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी खेळ घरातच. त्याच्या बऱ्याच वरती, उणे १० च्या आसपास, मुलं नीट कपड्यांत मजेत खेळतात, फक्त अर्ध्या तासाने एकदा आत बोलावून हात आणि गाल बघा. अगदी लहान मुलांना लवकर बोलवा. त्यांना थंडी वाजतेय हे त्यांच्या आधी तुम्हाला कळतं.

कपडे चढवणं

तीन थर. अंगाला चिकटून थर्मल, लोकरीचं किंवा सिंथेटिक. त्यावर फ्लीस किंवा स्वेटर. सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट आणि बर्फाची पँट. सुती कपडा आतल्या थराला नको. तो घाम आणि पाणी पिऊन बसतो आणि ओला झाला की ऊब धरत नाही. जीनवर बर्फात लोळलेलं मूल वीस मिनिटांत काकडत परत येतं. बोटं वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त उबदार, कारण बोटं एकमेकांना तापवतात. लांब मफलर घसरगुंडीवर कशात तरी अडकतो, त्याऐवजी गळ्यात घालायचा बंद पट्टा घ्या.

पण खरी मेख कपड्यांत नाही, क्रमात आहे. पहिली पायरी: शू. सगळ्यांची, नाही आली तरी. मग थर्मल, मोजे, पँट, बूट. पँटचा खालचा आतला घेर बुटावर ओढून घ्या, नाहीतर बर्फ बुटात जातो. मग जॅकेट, कानटोपी आणि अगदी शेवटी हातमोजे. मुलं नेमकी हातमोज्यांपासून सुरुवात करतात, मग त्यांना चेन लावता येत नाही, मग ती तुमच्यापुढे हात पसरून उभी राहतात. दोन मुलं असतील तर धाकट्याला शेवटी तयार करा. पहिल्यांदा तयार केलेलं मूल घरात उकडून रडायला लागतं. आणि इतकं सगळं चढवून, चेनी लावून, दार उघडून, थंड हवेचा झोत आत आल्यावर कोणीतरी बारीक आवाजात म्हणतंच, “आई, शी.” यावर उपाय नाही. परत उलट क्रमाने सुरू करा.

पहिल्या खेपेला या सगळ्याला पाऊण तास लागला आणि मुलं वीस मिनिटांत परत आली तरी नाउमेद होऊ नका, प्रमाण साधारण तेच असतं. दोन-चार वेळा झालं की मुलांचा हात बसतो.

बाहेर

बर्फ मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर हिममानव होणार. सुट्ट्या पिठासारखा बोटांतून ओघळला तर होणार नाही, कितीही खटपट केली तरी. तापमान शून्याच्या आसपास असलं की कणांवर पाण्याचा बारीक पापुद्रा असतो आणि ते एकमेकांना धरतात. उणे दहाच्या कोरड्या बर्फात तो नसतो. म्हणून मुठीत दाबून बघितल्याशिवाय हिममानवाचं वचन देऊ नका. कोरडा बर्फ असेल तर घसरणं, लोळणं, पावलांचे माग शोधणं यावर भर द्या.

काही गोष्टींना सरळ नाही म्हणायचं. रस्त्याच्या कडेच्या ढिगात बोगदा खणायचा नाही. बर्फ कोसळून मूल आत अडकू शकतं, आणि बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला आत कोणी बसलंय हे दिसत नाही. वळचणीला गोठून लटकलेल्या पागोळ्यांच्या खाली उभं राहायचं नाही. गोठलेल्या तळ्यावर जायचं नाही, कोणी गेलेलं दिसलं तरी. उतारावर घसरताना पाय पुढे, डोकं मागे, आणि उतार रस्त्यावर किंवा झाडांत संपत नाही ना, ते मोठ्याने आधी बघायचं. लोखंडी खांबाला जीभ लावायची नाही. लावलीच आणि चिकटली तर ओढायची नाही. धातू उष्णता झपाट्याने ओढून घेतो म्हणून लाळ गोठते, कोमट पाणी हळूहळू ओतलं की सुटते.

ऊन पडलं असेल तर सनस्क्रीन लावा. हिवाळ्यात हे कोणालाच खरं वाटत नाही, पण ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो.

गालावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा बोटांवर पांढरट, मेणासारखा दिसणारा बधिर डाग आला तर ती हिमदंशाची सुरुवात असू शकते. चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबात नाही, आणि हीटरसमोरही धरायचं नाही, कारण बधिर कातडी भाजल्याचं कळत नाही. घरात आणा, कोमट पाण्यात ठेवा. कोपराला सोसेल इतकंच गरम. रंग आणि संवेदना परत आली नाही तर डॉक्टरांना फोन. मूल खूप कुडकुडून मग एकदम सुस्त झालं, बोलताना अडखळायला लागलं, धडपडायला लागलं तर थांबू नका, तातडीची मदत बोलवा.

वाळवण

मुलं दारात आली की दार उघडायच्या आधी बाहेरच झटकून घ्या. बुटांवरचा बर्फ आत येतो, वितळतो आणि मग मोजे घातलेलं पाऊल त्याच थंड पाण्यात पडतं. दाराशी मोठा ट्रे किंवा जुनं टॉवेल अंथरून ठेवा. आत आल्यावर पहिलं काम ओले मोजे बदलणं. गरम काहीतरी प्यायला द्या, पण आधी मोजे.

बुटातलं आतलं तळवं काढून वेगळं वाळत घाला, त्याशिवाय बूट दोन दिवसांत वाळत नाही. बुटात जुनं वर्तमानपत्र चुरगाळून भरा आणि तासाभराने कागद बदला. पहिला कागद चिंब निघतो, दुसरा नुसता दमट. हातमोजे उलटे करून, तोंड खाली ठेवून टांगा. हीटरवर थेट काही टाकू नका. सुटा हीटर असेल तर त्याच्यापासून कपडे, पडदे, पांघरुणं सगळं किमान मीटरभर लांब हवं, आणि त्याची पिन एक्स्टेंशन वायरमध्ये न घालता भिंतीतल्या सॉकेटमध्येच हवी.

आता हिशोब करा. पहिली जोडी सकाळी ओली झाली, दुसरी कोरडी आहे, म्हणजे दुपारी आणखी एक फेरी होऊ शकते. पहिली जोडी संध्याकाळपर्यंत वाळली तर अंधार पडायच्या आधी तिसरी. एकच जोडी असेल तर आजचा दिवस इथेच संपला, आणि ते मुलांना आत्ताच सांगा, चार वाजता नाही.

दुपार

जेवणानंतरचा वेळ खरा कठीण. बाहेरचा उत्साह सरलेला, मोठ्यांची कामं तुंबलेली. स्क्रीन याच वेळेसाठी राखून ठेवा. बहुतेक घरांत सकाळी सातलाच टीव्ही लागतो आणि दुपारी तीनला, जेव्हा खरोखर तासभर शांतता हवी असते, तेव्हा मुलं त्याला कंटाळलेली असतात. सकाळी ती ताजी असतात, बर्फ ताजा असतो. तेव्हा स्क्रीन कशाला खर्च करायची?

दिवसभर मुलांची करमणूक करणं हे तुमचं काम नाही. पण एखादी गोष्ट समोर ठेवून बाजूला झालात तर ती पुरते. बर्फाच्या दिवशी बर्फच समोर ठेवावा.

एक उभी बरणी बर्फाने भरून ओट्यावर ठेवा आणि वितळल्यावर किती पाणी उरेल, यावर घरातल्या प्रत्येकाला खूण करायला सांगा. सगळे जास्त सांगतात. ताज्या बर्फाचं पाणी साधारण दहाव्या हिश्शाएवढं भरतं. ओला बर्फ असेल तर जास्त, भुसभुशीत असेल तर आणखी कमी. बरणीत दाबून भरला असेल तर हिशोब बदलतो, आणि कोणी दाबला यावर भांडण होतं. तोही वेळ जातो.

दुसरा प्रयोग: पाण्यात बर्फाचा खडा, वर दोरा आडवा ठेवायचा, चिमूटभर मीठ भुरभुरायचं आणि मिनिटभर थांबायचं. दोरा उचलला की खडा चिकटून वर येतो. मिठाने वरचा थर वितळतो, मग मीठ पातळ होऊन तेच पाणी पुन्हा दोऱ्याभोवती गोठतं. सकाळी पायरीवर मीठ का टाकलं, हे सांगायला याहून सोपी जागा नाही.

बर्फ अजून पडत असेल तर काळा कागद किंवा काळं कापड पंधरा मिनिटं बाहेर थंड करून त्यावर कण झेला आणि भिंगातून बघा. कापड थंड नसेल तर कण टेकताच विरघळतो. प्रत्येक चांदणी सहा कोनांची दिसेल, कारण पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात. विल्सन बेंटली नावाच्या व्हरमाँटमधल्या शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ रोजी एका हिमकणाचं पहिलं छायाचित्र काढलं आणि आयुष्यभरात ५,००० हून जास्त काढली. पुढे १९३६ मध्ये जपानच्या होक्काइदोत उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखवला. आकार ठरतो तो ढगातल्या तापमानावर आणि ओलाव्यावर: उणे ५ च्या आसपास सुया आणि खांब, उणे १५ च्या आसपास त्या सुप्रसिद्ध फांद्यांच्या चांदण्या. मुलांना सांगा, कणाचा आकार बघून वर ढगात किती थंडी होती याचा अंदाज करता येतो. मोठ्या मुलाला हे सांगितलं की ते वही घेऊन बसतं. धाकटं कागद खातं.

वीज गेली तर

सगळे एका खोलीत या, तिचं दार लावा, दाराच्या फटीला टॉवेल लावा. गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवून खोली गरम करायला जाऊ नका. कार्बन मोनॉक्साईडने माणसं अशीच दगावतात. जनरेटर असेल तर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब. गॅरेजमध्ये नाही, शटर उघडं ठेवूनही नाही.

फ्रिज उघडू नका. बंद ठेवला तर आतला माल सुमारे चार तास चांगला राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४ तास. बाहेर एवढी थंडी आहे म्हणून अन्न बर्फात पुरून ठेवायचा मोह होतो, पण उन्हात तिथलं तापमान वर जातं आणि प्राणी येतात.

थंडी फार असेल तर, वीज असो वा नसो, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या नळांकडे लक्ष द्या. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पाईपमधला दाब वाढतो आणि पाईप फुटतो. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ऊब आत जाईल, आणि नळाची बारीक धार चालू ठेवा. घरात पाणी बंद करायचा मुख्य कॉक कुठे आहे, हे आत्ता जाऊन बघा. पाईप फुटल्यावर तो शोधायला वेळ मिळत नाही.

संध्याकाळ आणि दुसरा दिवस

सूर्य मावळला की दिवसभर वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि सकाळी साफ केलेली पायरी आरशासारखी होते. झोपण्याआधी तिच्यावर एकदा मीठ किंवा वाळू टाका. तेव्हाच शाळेचा निरोप बघा, आणि आला नसला तरी दप्तर भरून ठेवा.

दुसऱ्या दिवशीही शाळा बंद निघाली तर पहिल्या दिवसाची पुनरावृत्ती करू नका. नवलाई संपलेली असते. त्या दिवशी एखादं मित्रांचं घर गाठा, रस्ते चालण्यासारखे झाले असतील तर पायी. दोन घरांची मुलं एकत्र आली की एका घराचे आईबाप अर्धा दिवस मोकळे होतात. उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या घराची पाळी.

आणि निरोप ‘दोन तास उशिरा’ असा आला, तर बसही दोन तास उशिरा येते, पण नेहमीच्या थांब्यावर बर्फाचा ढीग असतो. मुलं ढीग टाळायला रस्त्यात उतरून उभी राहतात. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः थांब्यापर्यंत जा, बस थांबेपर्यंत मुलं कुठे उभी राहतील ती जागा दाखवा, आणि शक्य असेल तर तिथे फावड्याने चौकोनभर जमीन मोकळी करून द्या.